बिनपात्यांचा पंखा

ओल्या मातीचा, हरभऱ्याएवढा गोळा.

कपाटामागे जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेली पंख्याची तीन पाती.

"हृदयाची झडप गेलीय. उशीर करू नका," असं म्हणून डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं.

खिडकीतून आत शिरून छतापाशी विरलेली एक निळीकाळी रेघ.

"अहो, हळू! ती बसलीय."

बायको असं म्हणाली आणि पंखेवाल्याचा बटणाकडे निघालेला हात हवेतच थांबला. लोकांचे पंखे दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली होती. खोलीत शिरलं की हात आपसूक बटणावर जायचा. म्हणून तर पाती उतरवली होती. समुद्रापलीकडून कुठून तरी पाकोळ्यांचं एक जोडपं आलं आणि त्यांना नेमका बायकोच्या खाटेवरचाच पंखा आवडला. दांड्याच्या वाटीवर मातीला माती चिकटवत त्यांनी घरटं उभं केलं. टेबल फॅन लावून पाहिला, तर दोघं खिडकीतूनच माघारी फिरली. तेव्हापासून तो खाटेशेजारी बसून पुठ्ठ्याने वारा घालायचा.

"पंखेवाल्याच्या घरात पुठ्ठा! गिऱ्हाइकांना कळलं तर दुकानाला कुलूप लागेल," ती हसायची. हसली की धाप लागायची.

"बोलू नकोस. ऑपरेशन होऊ दे, मग डोकं खा माझं."

"पिल्लं उडाली की जाऊ."

हेच तिने लेकीलाही सांगितलं होतं. लेक दूरच्या शहरात. ती फोनवर कडाडायची, "बाबा, पक्ष्यांपायी आईचा जीव टांगणीला लावलात? ती हट्ट करणार आणि तुम्ही मान डोलावणार!"

बायकोला भीती वाटत होती. आणि भीती वाटतेय असं म्हणायची तिला सवय नव्हती.

दुपारी खोली पाण्याखाली गेल्यासारखी व्हायची. पडद्यातून गाळून आलेला उजेड भिंतीवर हलायचा. वर पिवळ्या चोचींची रांग उघडायची, मिटायची. पंखेवाल्याला बसल्या बसल्या डुलकी लागायची, पण हात चालूच असायचा, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता.

"डोळे मिटले ना, की मीच वर असते," ती पुटपुटायची. "आणि तुम्ही खाली दिसता. मधोमध टक्कल पडलंय तुम्हाला."

"ते खालूनही दिसतं."

"खालून एवढं नाही."

मग एका सकाळी पिल्लं उडाली. शेवटचं आधी आरशावर बसलं, स्वतःलाच पाहून दचकलं आणि खिडकीबाहेर गेलं. बायकोने टाळ्या वाजवल्या. त्याने लेकीला फोन केला, लेकीने दवाखान्याची तारीख घेतली.

मधल्या दिवसांत पाकोळी घरट्यात पुन्हा ये-जा करू लागली. जायच्या आदल्या दिवशी ती चोचीत पीस घेऊन आली आणि घरट्यात ठाण मांडून बसली.

"बघा!" बायको उशीवरून अर्धवट उठली. "दुसरी खेप. बाळंतिणीला टाकून मी कुठे जाऊ?"

तो उठला. शिडी आणून चढला. पाकोळी भुर्रकन उडाली. त्याने बोटांनी घरटं चाचपलं. पिसांच्या मऊ बिछान्यावर अंडी होती; पांढरी, तपकिरी ठिपक्यांची, अजून कोमट. त्याने खाली पाहिलं. एवढ्या उंचीवरून बायको एवढीशी दिसत होती. श्वासासाठी तोंड उघडं, नजर त्याच्यावर.

"काय आहे?"

"काही नाही. रिकामं आहे."

खोटं बोलताना नाक खाजवायची त्याची खोड तिला लग्नापासून ठाऊक होती. शिडीच्या टोकावर, एका हाताने तोल सांभाळत, त्याने नाक खाजवलं.

खिडकीच्या चौकटीवर पाकोळी त्याच्या उतरण्याची वाट पाहत होती. बायकोने तिच्याकडे पाहिलं. मग बराच वेळ नवऱ्याकडे.

"बरं," ती म्हणाली. "भरा मग माझी पिशवी. आणि उद्या निघताना खिडकी उघडी ठेवा."

"चोर येतील."

"येऊ देत. धड एक पंखा तरी आहे का न्यायला?"

त्या ऑपरेशननंतर ती पुष्कळ वर्षं जगली. शेवटची दोन त्याच्याशिवाय.