चार दशांश मत

पंतप्रधानांच्या कचेरीतून फोन आला तेव्हा कुरानुकी तेइजी मोजे घालत होते. एका पायात मोजा असतानाच ते मासेमारी खात्याचे मंत्री झाले.

शपथविधी चारला. दहा-चाळीसची गाडी चुकली तर चारला तोक्योत पोचणं अशक्य. सेक्रेटरी हात्सुएबाईंनी हे त्यांना तीनदा सांगितलं, कारण साहेब रस्त्यात किती ठिकाणी नमस्काराला वाकतात हे त्यांना ठाऊक होतं.

चौतीस वर्षांपूर्वी नगर परिषदेची शेवटची जागा तेइजींनी चार दशांश मताने जिंकली होती. त्यांच्याच आडनावाचे, पण नात्यागोत्यातले नसलेले तोफूवाले गेंपेईही तेव्हा उभे होते. मतपत्रिकेवर नाव हाताने लिहायचं असतं. छत्तीस जणांनी नुसतं 'कुरानुकी' लिहिलं. कायद्याप्रमाणे ती मतं दोघांत ज्याला-त्याला पूर्ण नावाने मिळालेल्या मतांच्या प्रमाणात वाटली गेली. प्रत्येक मतातले दहापैकी नऊ हिस्से तेइजींना, एक गेंपेईंना. गेंपेई आपटले. चार दशांशाने हरलेला तिसरा उमेदवार तर अपूर्णांकांचं नाव काढलं तरी उठून जायचा.

आपल्याला नेमकं कोणी तारलं हे कळेना, म्हणून तेइजी सगळ्यांचेच वाकून आभार मानू लागले. लग्नं, अंत्यविधी, शाळेची कवायत, काही सोडलं नाही. एकदा धुक्यात ते बुजगावण्यापुढे वाकले आणि चूक लक्षात आल्यावरही अर्ध्यात उठले नाहीत. असे वाकत वाकत ते प्रांताच्या विधानसभेत गेले, तिथून संसदेत. पक्षात दोन तट पडले तेव्हा दोन्ही तटांना वाटलं, हा आपल्याकडेच वाकतोय.

दहा-वीसला त्यांनी तोफूच्या दुकानापाशी गाडी थांबवायला लावली.

"दोनच मिनिटं, साहेब," हात्सुएबाई म्हणाल्या. "अख्ख्या गावात तुम्हाला मत न दिलेला खात्रीचा माणूस हा एकच आहे."

"दिलंय की," पाण्यात हात घालून उभे असलेले गेंपेई म्हणाले.

त्यांनी हात पाण्याबाहेर काढले.

"त्या निवडणुकीत पेन्सिल घेतली, आडनाव लिहिलं. पुढे स्वतःचंच नाव लिहायची लाज वाटली रे, तेइजी. किती मिरवल्यासारखं दिसलं असतं. तसाच कागद पेटीत टाकला."

"आणि मला म्हणालात स्वतःला दिलं," आतून बायकोचा आवाज आला.

"एक हिस्सा दिलाच होता," गेंपेई म्हणाले.

तेइजींनी हिशेब केला. गेंपेईने पुरतं नाव लिहिलं असतं तर आपण अर्ध्या मताने पडलो असतो आणि आज वडिलांच्या छत्र्यांच्या दुकानात बसलो असतो. इतकी वर्षं बोलला का नाहीस, असं त्यांनी विचारलं.

"बोललो असतो तर तू एकट्या माझ्यापुढे वाकला असतास. गावाचं नुकसान झालं असतं."

तेइजी वाकले. मंत्री वाकलाय म्हटल्यावर गेंपेईंनाही वाकावं लागलं, जास्तच. मग तेइजी आणखी खाली गेले. आधी उठण्याचा प्रश्नच नव्हता, दोघांचाही.

गाडी आता चुकणार हे पाहून हात्सुएबाईंनी बाहेर जाऊन तोक्योला फोन केला. मंत्र्यांना उशीर का होतोय, असं पलीकडून विचारण्यात आलं. आभार मानताहेत, असं त्यांनी सांगितलं. किती वेळ लागेल? त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि सांगितलं की आत्ताशी सुरुवात आहे.

परत येऊन त्या साहेबांच्या कानाशी बोलायला वाकल्या. आता तिघं वाकलेले होते.

"शपथ उद्या वेगळी देतील म्हणतात. मंत्रिमंडळाचा फोटो मात्र आजच निघणार, तुमच्याशिवाय."

"निघू दे," तेइजी खालूनच म्हणाले.

त्यांच्या डोळ्यांसमोर गेंपेईंचे ओले रबरी बूट होते. आपण बरोबर माणसापुढे वाकलोय, याची चौतीस वर्षांत त्यांना पहिल्यांदाच खात्री होती.