तापट म्हातारा आणि गारठलेली अंडी

मी एक जुना दिवा आहे, मित्रांनो, पण माझ्या उजेडात कुणी कधी पुस्तक वाचलेले नाही. पत्र्याचा डबा, आत पिवळा बल्ब आणि वर अंडे टेकेल एवढे भोक, असे माझे रूप. लस बनवणाऱ्या कारखान्यातल्या एका अंधाऱ्या खोलीत माझे आयुष्य गेले. भोकावर कोंबडीचे उबवलेले अंडे धरले की आतल्या लाल शिरा दिसतात आणि इवलासा जीव हलतानाही दिसतो. अशा जिवंत अंड्यावर त्या खोलीत काम करणाऱ्या मावशी पेन्सिलने खूण करायच्या. पुढच्या खोलीत त्यात विषाणू सोडत आणि त्यातून तापाची लस तयार होई. त्या अंड्यांतून पिल्ले कधीच बाहेर येत नाहीत, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. म्हणूनच मावशी एकही अंडे वाया जाऊ देत नसत.

माझी एक खोड होती. मी फार तापायचो. मावशींची बोटे पोळायची आणि त्या मला 'तापट म्हातारा' म्हणायच्या. मग साहेबांनी थंड, पांढऱ्या उजेडाचा नवा दिवा आणला आणि माझी रवानगी कपाटात झाली. मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

एका सकाळी मावशींची लेक बाळंत झाल्याचा फोन आला. आनंदाच्या भरात त्या अंड्यांची गाडी गार बोळात विसरल्या. तासाभराने आठवण झाली तशा धावत आल्या. नव्या दिव्यावर शिरा दिसत होत्या, पण काहीच हलत नव्हते.

"सगळी गेली," साहेब म्हणाले. "टाकून द्या. यंदा लस उशिरा निघणार."

मावशींचा चेहरा पांढराफटक पडला. "चूक माझीच आहे, साहेब. पण एकदा म्हाताऱ्याला विचारू द्या."

"नव्याला जमेना, ते हा सांगणार? बरं, विचारा."

माझ्या वायरीला तीन ठिकाणी चिकटपट्टी होती. मी लागेन की नाही, याचीच मला धाकधूक. पण लागलो. मावशींनी अंडे धरले. काही नाही. मी तापत गेलो. त्यांची बोटे पोळत होती, तरी त्यांनी अंडे हलवले नाही. आणि मग आतला काळा ठिपका किंचित सरकला.

"गारठला होता हो नुसता," मावशी पुटपुटल्या.

दुसरे हलले, तिसरेही हलले. साहेबांनी स्वतः गाडी उबवणीच्या खोलीत ढकलत नेली. संध्याकाळपर्यंत जवळजवळ सगळी अंडी हलू लागली. मावशी स्टुलावर बसून पोटभर रडल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या, "आता नातीचं तोंड बघायला मोकळी झाले."

आता मी नव्या दिव्याशेजारीच असतो. माझ्यावर मावशींच्या अक्षरात चिठ्ठी आहे: 'टाकू नये.' मित्रांनो, एखादी वस्तू किंवा एखादे माणूस निपचित दिसले, तर संपले म्हणण्याआधी थोडी ऊब देऊन पाहा. आणि माझ्यावरची धूळ पुसणार असाल, तर आधी बटण बंद करा. खोड अजून गेलेली नाही.