मी छापलेला खसरा

मी एक प्रिंटर आहे. माणसं माझ्या पोटात कोरे कागद भरतात आणि सांगतील ते मी त्यावर उमटवून देतो. ते खरं की खोटं, हे विचारायची सोय माझ्यात ठेवलेली नाही. तरी मी जे पाहिलं ते आज सांगणार आहे.

कारखान्याचं मला काही आठवत नाही. डोळे उघडले ते इंदूरच्या एका दुकानात, थर्माकोलमधून बाहेर काढल्यावर. समोर सुती लुगड्यातल्या एक उंच बाई उभ्या होत्या. दुकानदार वेग सांगत होता, हमी सांगत होता. बाई म्हणाल्या, "ते राहू द्या भिया, आधी 'ज्ञ' आणि 'र्‍य' छापून दाखवा. जोडाक्षरं फुटली तर मला नको." मी छापली. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, समाधानाने मान हलवली आणि मला विकत घेतलं.

त्या सुभद्राबाई. बदनावर गावच्या कन्या शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. घरीदारी सगळे त्यांना अक्का म्हणत. परतीच्या बसमध्ये कंडक्टर मला टपावर टाकायला निघाला होता. अक्कांनी ऐकलं नाही. बदनावर येईपर्यंत मी त्यांच्या मांडीवर होतो.

मला आणलं होतं अंकितासाठी, अक्कांच्या धाकट्या भावाच्या मुलीसाठी. ती बी. कॉम. झाली होती आणि नोकरी मिळत नव्हती. अक्कांना मूलबाळ नव्हतं. तेविसाव्या वर्षी नवरा गेला, सासरच्यांनी महिन्याच्या आत माहेरी आणून सोडलं, त्या इथल्याच झाल्या. अंकिताला मुळाक्षरं त्यांनीच शिकवलेली. मंडीच्या फाटकासमोर गाळा भाड्याने घेऊन त्यांनी तिला ऑनलाइन कामाचं दुकान घालून दिलं. पहिल्या दिवशी अंकिताचे वडील, म्हणजे बापू, यांनी माझ्यावर झेंडूची माळ घातली. तिची पाकळी माझ्या चाकात अडकली आणि उद्घाटनाचा पहिला कागद चुरगळून बाहेर आला. सगळे हसले.

दुकानात फॉर्म, दाखले, निकाल असं सगळंच होई, पण खरी गर्दी खसऱ्याच्या नकलेसाठी. कोणती जमीन कोणाच्या नावावर, हे सरकारी नोंदीत पाहायचं आणि नक्कल उतरवून घ्यायची. "म्हारो खसरो काड़ दो, दीदी," म्हणत सोयाबीनच्या ट्रॉल्या बाहेर उभ्या करून माणसं आत येत. अंकिता जिल्हा निवडे, तहसील निवडे, गाव निवडे, नंबर टाके, आणि मी कुरकुरत कागद बाहेर सोडी.

कागद हातात घेण्याची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. पुरुष आधी रकबा, म्हणजे क्षेत्र, बघत. बायका आधी नाव बघत, ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत. एका म्हाताऱ्याने नक्कल परत केली, कारण त्याच्या आजाचं नाव चुकीचं लिहिलं होतं. दुरुस्ती आपल्या हातात नाही, असं अंकिताने सांगितलं, तर म्हणाला, "तो मेला आहे, त्याला वाईट वाटेल." असली माणसं मला आवडत.

अक्काही दर वर्षी आखातीजेच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी येत. बदनावरपासून थोड्या अंतरावर त्यांच्या वडिलांची, भैयासाहेबांची, सहा बिघे जमीन होती. नोंदीत दोन नावं होती. कृष्णराव पुत्र भैयासाहेब, म्हणजे बापू. आणि खाली, सुभद्रा पुत्री भैयासाहेब. अक्का ती दुसरी ओळ वाचत आणि कागद घडी करून पिशवीत ठेवत.

"दर साल तेच तर असतं अक्का, कशाला कागद घालवता?" अंकिता एकदा म्हणाली.

"रेशनकार्डावर मी तुझ्या बापाची बहीण आहे," अक्का म्हणाल्या. "पेन्शनीत मी कोणाची तरी विधवा आहे. इथे नुसती सुभद्रा आहे. बघितलं की बरं वाटतं."

मग त्या शिवेवरून मोठा रस्ता निघाला. रतलामकडच्या एका व्यापाऱ्याला गोदामासाठी रस्त्यालगतचा तुकडा हवा होता, पण सगळा, सहाच्या सहा बिघे. बापूंच्या अंगात वारं शिरलं. ते दुकानात येऊन अक्कांना समजावत. मी ऐकत असे.

"अक्का, अशी किंमत पुन्हा येणार नाही."

"तुझे तीन बिघे तू विक. मी कुठे अडवते?"

"त्याला पुरी जमीन पाहिजे. अर्धी घेऊन तो काय करेल?"

"मग त्याला सांग, बहीण पेरणार आहे."

असं तीनदा झालं. चौथ्यांदा आले तेव्हा बापूंनी जमिनीचा विषयच काढला नाही. ते मला जास्त वाईट वाटलं.

त्याच सुमारास अंकिताचं लग्न ठरलं. मुलगा देवासचा, रणवीर नावाचा, कारखान्यात इंजिनिअर. अंकिताला तो मनापासून आवडला होता. कोणी नसलं की ती त्याचा फोटो माझ्यातून छापून बघे आणि मग फाडून टाके, कारण मी रंगीत नव्हतो, त्याचा चेहरा करडा येई. मुलाकडचे चांगले होते, पण त्यांची हौस मोठी होती, आणि बापू प्रत्येक गोष्टीला हो म्हणून बसले होते.

कार्तिकात अक्कांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या डोळ्याने आधीच धूसर दिसे. काळा चष्मा लावून त्या भिंतीला हात धरत चालू लागल्या. आणि नोव्हेंबर आला. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. दर वर्षी अक्का तो अंकिताकडेच करत.

आदल्या दिवशी दुपारी बापू एकटेच आले. त्यांनी अंकिताच्या मोबाइलवर एक मजकूर पाठवला. अंकिताने तो पडद्यावर उघडला. वाचता वाचता तिचा हात थांबला. मीही वाचला. त्यात लिहिलं होतं की सुभद्रा पुत्री भैयासाहेब आपला सगळा हिस्सा राजीखुशीने भाऊ कृष्णराव यांना सोडत आहे, पुढे तिचा काही दावा राहणार नाही.

"बाबा, अक्का ह्याच्यावर सही नाही करणार."

"उद्या तिला दाखल्यावर सही करायचीच आहे. एक कागद जास्त."

"ती विचारेल कशाचा आहे."

"तू वाचून दाखव. तुझ्यावर तिचा विश्वास आहे." बापूंनी खुर्ची जवळ ओढली. "हे बघ, तिला ना पुढे ना मागे. खायला प्यायला आपणच घालतो ना? रणवीरच्या घरी मी काय तोंड दाखवू? नको असेल तर सांग, आत्ता फोन करून मोडून टाकतो."

अंकिताला कोणी मारलं नाही, कोंडलं नाही. दुकानाचं दार उघडं होतं, बाहेर चहावाला ओळखीचा होता, घर चालत पाच मिनिटांवर होतं. तिने माझ्यात कागद भरले आणि बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी अक्का आल्या. आधी खरा दाखला झाला. मशीनवर बोट ठेवलं, हिरवा दिवा लागला. "झाले जिवंत," त्या म्हणाल्या. मग अंकिताने तो दुसरा कागद त्यांच्यापुढे सरकवला.

"हा काय गं?"

"ह्या वर्षीपासून सही पण लागते, अक्का."

"वाच बघू. मला तर सगळं ढगासारखं दिसतंय."

अंकिताने कागद उचलला. मी तिच्या अगदी शेजारी होतो. तिचा आवाज जरासुद्धा कापला नाही. "मी सुभद्रा पुत्री भैयासाहेब, राहणार बदनावर, लिहून देते की आज दिनांक रोजी मी हयात आहे आणि माझं पेन्शन चालू ठेवावं." कागदावर त्यातलं फक्त नाव आणि गाव होतं.

"वडिलांचं नाव कसं आलं? पेन्शनीत तर नवऱ्याचं असतं."

"आता दोन्ही चालतं."

"चांगलं केलं," अक्का म्हणाल्या. अंकिताने बोट धरून जागा दाखवली, त्यांनी तीन ठिकाणी सही केली. अंगठाही मागितला तेव्हा त्या हसल्या. "जन्मभर मुलींना सही शिकवली आणि आता मीच अंगठेबहाद्दर!" अंकिताने ओल्या फडक्याने त्यांच्या अंगठ्याची शाई पुसली. फार जपून पुसली.

पुढचं सगळं रीतीने झालं. अर्ज गेला. हरकत असेल तर कळवा, अशी नोटीस घरी आली, ती बापूंच्या हाती पडली आणि घरात कोणी हरकत घेतली नाही. नोंद बदलली.

चैत्र संपत आला तशी अक्कांचा डोळा निवळला. त्या नकलेसाठी आल्या.

"सर्वर डाउन आहे अक्का," अंकिता म्हणाली.

दोन दिवसांनी पुन्हा आल्या. तेव्हाही सर्वर डाउन. तिसऱ्या खेपेला त्यांच्या शेजारी एक शेतकरी आपली ताजी नक्कल हातात घेऊन वाळवत उभा होता, तरी सर्वर डाउनच. अक्कांनी त्याच्या हातातला कागद पाहिला आणि परत गेल्या. आपल्या मुलीवर शंका घ्यायला माणसाला वेळ लागतो.

मग एक दिवस अंकिता लग्नाच्या साड्या बघायला गेली आणि अक्कांना तासभर दुकानात बसवून गेली. "कोणी आलं तर थांबायला सांगा," एवढंच म्हणाली. तिला वाटलं, म्हातारीला कुठे येतं. पण अक्का इतकी वर्षं शेजारी बसून बघत होत्या. त्यांनी चष्मा लावला, खुर्ची पुढे घेतली. एका बोटाने जिल्हा, एका बोटाने तहसील. पडद्यावरची वाकडीतिकडी अक्षरं बघून टाकायची असतात, ती दोनदा चुकली, तिसऱ्यांदा जमली. त्यांनी बटण दाबलं.

माझ्यात कागद अडकणं नेहमीचं. त्या दिवशी अडकला नाही.

अक्कांनी बोट ओळीवर ठेवलं. कृष्णराव पुत्र भैयासाहेब. खाली कोरं. त्यांनी कागद उलटा करून पाहिला. मग माझं झाकण उघडलं, शाईचा डबा काढून हलवला, पुन्हा बसवला, आणि दुसरी प्रत काढली. मग तिसरी. "शाई खाते आहे ओळ," त्या पुटपुटल्या. मी तिन्ही वेळा होतं तेच छापलं. तिसऱ्या प्रतीवर त्यांनी शेवटचा रकाना वाचला. त्यात आदेशाची तारीख होती आणि 'हक त्याग' असे दोन शब्द होते.

अंकिता पिशव्या घेऊन आली तेव्हा तिन्ही प्रती टेबलावर ओळीने मांडलेल्या होत्या. पिशव्या तिच्या हातातच राहिल्या.

"तुम्हीच सही केली होती, अक्का," ती म्हणाली.

"वाचून कोणी दाखवलं?"

अंकिताने खाली बघितलं. "बाबांनी सांगितलं म्हणून..."

"मी बापाचं नाव विचारत नाही."

तिने बापूंना फोन केला. ते धापा टाकत आले आणि आल्या आल्या चिडले, चुकलेला माणूस आधी चिडतो तसे. "कागदावर नाव नाही म्हणून काय घरातून काढतोय तुला? खोली तुझी, ताट तुझं. आणि तुला करायचं काय होतं जमिनीचं? कोणाला देणार होतीस?"

"कोणालाच नाही, बापू," अक्का म्हणाल्या. "ती माझी होती."

त्या उठल्या आणि घराकडे न जाता बसस्टँडकडे गेल्या. धारला त्यांच्या शाळेतल्या जुन्या सहकारी राहत, त्यांच्याकडे उतरल्या. तिथे श्रीपाद वकिलांनी स्पष्ट सांगितलं की सही खरी आहे, नुसत्या भावाविरुद्ध काही टिकणार नाही. फसवून वाचलं ते भाचीने. तक्रारीत नाव तिचं घालावं लागेल.

मला आशा होती, अक्का घालणार नाहीत. त्यांनी घातलं.

पोलिस आले तेव्हा दुकानाच्या भिंतीला लग्नपत्रिकांचे गठ्ठे टेकवलेले होते. कॉम्प्युटर, बोटाचं मशीन आणि मी, तिघांना कापडात शिवून लाख लावली. अंकिता चहावाल्यासमोर, ट्रॉलीवाल्यांसमोर रडत उभी होती. आठ दिवसांत देवासहून निरोप आला की पोलिसांत नाव असलेली मुलगी नको. गोदामवाल्याने वाट न पाहता शेजाऱ्याची जमीन घेतली. बापू सहाही बिघे स्वतःच पेरतात. व्यवहाराला मनाई आहे, खटला चालू आहे, आणि अंकिताने जबाबात लिहून दिलं आहे की तिने कागद जसा होता तसाच वाचला.

मी पोलिस ठाण्याच्या एका खोलीत जप्तीच्या मालात पडून आहे. शेजारी मोडकी मोटारसायकल आणि कोणाच्या तरी घरातला गॅसचा सिलिंडर. माझी शाई वाळली आहे. कधी सुटलो तरी कोणी चालू करील असं वाटत नाही. त्या दिवशी काय वाचलं गेलं हे दोन माणसांखेरीज मीच जाणतो, आणि कोर्ट मला फक्त वस्तू म्हणून ओळखतं. म्हणून तुम्हाला सांगितलं. कोणाला कागद वाचून दाखवायची वेळ आली तर त्यात असेल तेच वाचा. याहून जास्त मला काही मागायचं नाही.

गेल्या तारखेला मला कोर्टात नेलं होतं. एका शिपायाने व्हरांड्यात बाकाखाली ठेवलं. बाक एकच, त्याच्या एका टोकाला अंकिता, दुसऱ्या टोकाला अक्का. अंकिता वाळली होती. अक्कांच्या हातात कोर्टाचा नवा कागद होता आणि त्यांचा दुसरा डोळा आता ऑपरेशनला आला होता, पहिल्यालाही कोर्टाची बारीक अक्षरं पुन्हा धूसर दिसत होती. अंकिताने हात जरा पुढे केला. "द्या, मी..." एवढंच म्हणाली.

अक्का उठल्या. व्हरांड्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका अनोळखी बाईकडून त्यांनी तो कागद वाचून घेतला. मग पायऱ्या उतरून, त्या बाईला दिसणार नाही अशा आडोशाला, दुसऱ्या एका माणसाकडून तोच कागद पुन्हा पहिल्यापासून वाचून घेतला.