अमीन तांबोळी यांनी आपली प्रोफाइल पाहिली

फोन वाजला तेव्हा दीपाली ओव्हाळ मटकी निवडत बसली होती. तिने फोन उचलला, वाचला आणि मुठीतली मटकी ताटाबाहेर सांडली. नोकऱ्यांच्या त्या साइटवरून निरोप होता : अमीन तांबोळी यांनी आपली प्रोफाइल पाहिली.

अमीन तांबोळी जाऊन चौदा महिने झाले होते. छातीत कळ आली आणि रुग्णालयात पोचेपर्यंत सगळं संपलं. त्या दिवशी दीपाली स्वतः कात्रजला त्याच्या घरी, बायकांमध्ये बसून आली होती. दुसराच कुणी अमीन तांबोळी असेल म्हणून तिने नावावर बोट दाबलं. कंपनीचा निळा शर्ट, खिशाला अडकवलेला स्क्रूड्रायव्हर आणि फोटो काढणाऱ्यावर उपकार केल्यासारखं हसू. तोच होता.

दीपालीच्या माहेरी भुताखेतांना थारा नव्हता. तिची आई शैलाबाई म्हणायची, "छप्पन साली आपण देव सोडले, ते काय भुतं ठेवायला?" असल्या घरात वाढलेल्या बाईने फोन पालथा घातला आणि मोरीत जाऊन दोनदा हात धुतले.

पुढच्या गुरुवारी बरोबर चार वाजता तोच निरोप आला. त्याच्या पुढच्या गुरुवारीही आला. गुरुवार म्हणजे कारखान्यांची सुट्टी. जिवंतपणी हा गृहस्थ सुट्टीच्या दिवशी कामाचं नाव काढायचा नाही आणि आता मेल्यावर नेमाने हजेरी लावत होता. दीपालीने दर खेपेला फोन पालथा घातला. नवऱ्याला, दशरथला, तिने एक अक्षर सांगितलं नाही, कारण त्याने पहिला प्रश्न विचारला असता, "पण तो तुझ्या पानावर बघतो काय?" आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं.

दीपाली आणि अमीन एकाच कारखान्यात, गिअरबॉक्सच्या तपासणीत होते. अमीनच्या वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि त्याचा कान तिथे तयार झालेला. स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या गिअरबॉक्सवर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि म्हणायचा, "दीपालीताई, ऐका, हा रडतोय." खोलून पाहावं तर आत एखाद्या दात्याचा टवका उडालेला असायचा. दीपालीला त्या मुठीतून कधी काही ऐकू आलं नाही. पण ती दोन वर्षं त्याच्या शेजारी वही घेऊन बसली. त्याने रडका ठरवलेला एकेक नग तिने मोजला, त्याचे आलेख काढले आणि अमीनचा कान जे करायचा ते लाइनवरच्या यंत्राला शिकवलं. गिऱ्हाइकांच्या तक्रारी जवळजवळ बंद झाल्या. कान त्याचा आणि आकडे तिचे, हे सगळ्या खात्याला माहीत होतं. मग अमीन गेला, पुढे ते खातंच बंद झालं आणि माहीत असणारी माणसं चार दिशांना पांगली.

सात महिने ती मांजरी गावातल्या आपल्या फ्लॅटमध्ये बसून होती. बाविसाव्या वर्षापासून कधी घरी न बसलेली बाई सेहेचाळिसाव्या वर्षी दुपारी दोनला घड्याळाकडे बघायला लागली. दशरथ टोचून बोलला असता तर परवडलं असतं. तो शेजाऱ्यांना "सध्या ब्रेक घेतलाय तिनं" असं सांभाळून घेत सांगायचा आणि ते तिच्या जिव्हारी लागायचं. आपण कुणीतरी होतो, ते आपणच विसरायच्या आत पुन्हा कामावर उभं राहायचं, एवढंच तिला हवं होतं.

म्हणून ती नारायण पेठेत अक्षताकडे गेली. अक्षता लोकांच्या प्रोफाइल लिहून द्यायची. जिन्यावर पाटी होती : 'सुधारणा दोनदा करून मिळेल. वाद एकदाही घालून मिळणार नाही.' दीपालीने लिहून नेलं होतं की दोष ओळखायची पद्धत सहकारी अमीन तांबोळी यांची आणि तिची मोजणी माझी. अक्षताने ते वाक्य वाचलं आणि चष्म्यावरून पाहिलं.

"मॅडम, बघणारा माणूस तुमच्या पानावर सहा सेकंद थांबतो. त्यातले तीन तुम्ही दुसऱ्याला देताय. आहेत कुठे हे तांबोळी?"

"वारले."

"मग त्यांना नोकरी नकोय. तुम्हाला हवीय ना?"

दीपालीने अक्षताला नाव खोडू दिलं. नव्या पानावर इंग्रजीत झोकदार मजकूर आला. आवाजावरून दोष ओळखण्याची पद्धत दीपाली ओव्हाळ यांनी शोधली, बसवली, राबवली. वाचताना दीपालीला लाज वाटली आणि बरंही वाटलं. बरं जरा जास्तच वाटलं, हे कबूल करायला हवं.

पान झळकलं आणि त्याच आठवड्यात अमीनची पहिली फेरी झाली.

महिन्याभरात एका कंपनीतून हिंदुराव मोहिते नावाच्या कारखानाप्रमुखांचा फोन आला. माणूस मोकळा होता. म्हणाला, "ओव्हाळ मॅडम, आमच्याकडे हाच त्रास आहे. या शुक्रवारी अकराला लाइनवर या. मी चार गिअरबॉक्स मांडून ठेवतो. खराब कोणता ते कानानं सांगा, दुसऱ्या इंटरव्ह्यूची गरज नाही." दीपाली "हो" म्हणून बसली.

त्या दिवसापासून तिच्या घराला आवाज फुटले. लिफ्ट वर येताना मध्येच कण्हायची. पंखा कुरकुरायचा. हे सगळं आधीही होत असणार, पण आता दर आवाजामागे तिला वाटायचं, आत्ता कुणीतरी म्हणणार, दीपालीताई, ऐका. तिने घरातला स्क्रूड्रायव्हर मिक्सरला टेकवून कानाला लावला. नुसती घरघर आली. दशरथ दारात उभा राहून म्हणाला, "मिक्सरशी काय गुजगोष्टी चालल्यात?" ती दचकली आणि रडायलाच लागली. बिचाऱ्याला कळेना की आपण एवढं काय बोललो.

गुरुवार उजाडला. दुसऱ्या दिवशी अकराला परीक्षा होती आणि आज चारला तो येणार होता. दीपालीने ठरवलं की या खेपेला मांजरीत बसून वाट बघायची नाही. अमीनच्या घरी चार वाजता काय असतं, ते जाऊन डोळ्यांनी बघायचं. तिने स्कूटर काढली.

कात्रजच्या डेअरीमागे दुसऱ्या मजल्यावर अमीनचं घर होतं. दार त्याच्या बायकोने, आलिमाने उघडलं. ती क्षणभर थबकली, मग बाजूला होऊन म्हणाली, "या दीपालीताई." दिवाणावर अमीनची आई, अख्तरबानू, तक्क्याला टेकून बसली होती. ऐंशीच्या घरात, नजर गेलेली.

"अम्मी, पाहुण्या आल्यात. अमीनसोबत कामाला होत्या," आलिमा मोठ्याने म्हणाली. नाव मात्र तिने सांगितलं नाही.

चहा झाला. इकडचं तिकडचं झालं. पावणेचारला आलिमाने कपाटातून एक फोन काढला आणि चार्जिंगला लावून चालू केला. काचेला तडा गेलेला, मागे डिंकाने चिकटवलेला. दीपालीने तो ओळखला. जेवणाच्या सुट्टीत तिने त्यावर शंभरदा क्रिकेटचा स्कोअर बघितला होता.

"दर जुमेरातला, म्हणजे गुरुवारी, त्यांच्या नावाचा फातिहा झाला, की अम्मींना हे ऐकायचं असतं," आलिमा म्हणाली. तिने फोनवर बोट फिरवलं.

दीपालीच्या पर्समध्ये तिचा स्वतःचा फोन वाजला. तिने काढून बघितला नाही. बघायची गरजच नव्हती.

आलिमा वाचू लागली. इंग्रजी मजकुराचं ती सावकाश मराठी करत होती. "आवाजावरून दोष ओळखण्याची पद्धत अमीन तांबोळी यांनी शोधली, बसवली, राबवली. त्यामुळे तक्रारी शंभरातल्या नव्वद कमी झाल्या." शब्द न् शब्द दीपालीच्या पानाचा होता. फक्त जिथे जिथे दीपाली होती तिथे तिथे आलिमा अमीनला बसवत होती, आणि इतक्या सहज की रोजची सवय असावी. म्हातारी हात मांडीवर ठेवून ऐकत होती आणि तिचा चेहरा उजळत चालला होता.

दीपालीला वाटलं, जमीन दुभंगावी.

वाचून झाल्यावर आलिमा हळू आवाजात म्हणाली, "त्यांच्या स्वतःच्या पानावर काहीच नाही हो. नाव, फोटो आणि कंपनी. लिहायला वेळ कुठे होता त्यांना? एकदा फोटो बघायला फोन उघडला तर वर आलं, दीपाली ओव्हाळ यांनी पान बदललं. वाचलं. जगात त्यांचं काम लिहिलेलं एवढं एकच पान आहे. मग तेच वाचते."

"राग नाही आला, वहिनी?"

"आला ना. असा आला, की तुम्हाला फोन करणार होते. तेवढ्यात अम्मींनी विचारलं, काय वाचतेस? वाचून दाखवलं, तर त्या हसल्या. ते गेल्यापासून पहिल्यांदा. मग राग करणं परवडेना."

तेवढ्यात अख्तरबानू आपणहून बोलली.

"सगळं चांगलं लिहिलंय. एकच गोष्ट मला खटकते बेटा. घरी आला की सारखं त्या दीपालीचं नाव घ्यायचा. अम्मी, मी नुसतं ऐकतो, ते खरं करून दाखवते ती. निम्मं काम तिचं आहे, म्हणायचा. आणि इथे लिहिताना त्या पोरीचं नावच नाही?" म्हातारी तक्क्यावरून पुढे सरकली. "माझा अमीन असा नव्हता. दुसऱ्याचं नाव खाणारा नव्हता तो. हे कसं केलं त्यानं, मला समजत नाही. रात्ररात्र समजत नाही."

आलिमाने मान खाली घातली.

दीपालीने पर्समधून फोन काढला. अक्षताचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला : शुक्रवार होऊ द्या ना मॅडम, शनिवारी बदला. आणि खरंच, पुढचं वाचन आता आठ दिवसांनी होतं, कुणाचं काय बिघडणार होतं? फक्त समोर एक ऐंशी वर्षांची आई आपल्या मेलेल्या मुलाला चोर समजत बसली होती, आणि ती चोरी दीपालीची होती. तिथेच, दिवाणाच्या कोपऱ्यावर बसून, तिने अक्षताचा परिच्छेद पुसला आणि नारायण पेठेत खोडलेलं आपलं जुनं वाक्य, 'माझी'च्या जागी स्वतःचं नाव घालून, पुन्हा लिहिलं.

"वहिनी, पान पुन्हा उघडा," ती हळूच म्हणाली. "या खेपेला काही बदलू नका. आहे तसं वाचा."

आलिमाने पडद्यावर बघितलं, मग दीपालीकडे बघितलं. आणि तिने आहे तसं वाचलं. "दोष ओळखण्याची पद्धत सहकारी अमीन तांबोळी यांची. तिची मोजणी दीपाली ओव्हाळ यांची."

अख्तरबानूने लांब श्वास सोडला. "हां. हा माझा अमीन." मग तिने हवेत हात पुढे केला. "आणि ही पाहुणी कोण, अजून सांगितलं नाहीस."

दीपालीने तो हात धरला आणि आपलं नाव सांगितलं.

शुक्रवारी अकराला ती कारखान्यात गेली. हिंदुरावांनी मांडलेल्या चार गिअरबॉक्सना तिने एकेक करून स्क्रूड्रायव्हर लावला, चारही वेळा नुसती घरघर ऐकली आणि तसं सांगितलं. "मला कधीच ऐकू आलं नाही, सर. ऐकणारा माणूस गेला. तुमच्याकडे असा कान असलेलं कुणी असेल, तर तो कान मी यंत्रात उतरवून देईन."

"सकाळी पान बघितलं मी. बदललंय," हिंदुराव म्हणाले. "हे आधी सांगायचं नाही का, बाई?" ते चिडलेले नव्हते. त्यांनी फाटकापर्यंत सोडलं आणि कळवतो म्हणाले. ते कसं कळवतात, ते एवढ्या महिन्यांत दीपालीला चांगलं कळलं होतं.

पुढच्या गुरुवारी ती पुन्हा मटकी घेऊन बसली. लिफ्ट कण्हत वर आली, थांबली, परत गेली. फोन तिने समोर, ताटाशेजारी उताणा ठेवला होता, पडदा वर. चारला दोन मिनिटं असताना तो वाजला आणि क्षणभर, खोटं कशाला बोला, तिला वाटलं की हिंदुराव असावेत.

अमीन तांबोळी यांनी आपली प्रोफाइल पाहिली.

दीपालीने निरोप वाचला आणि मटकी बाजूला सारली. मग कात्रजला आलिमाचं वाचून होईल इतका वेळ, हात मांडीवर ठेवून, ती स्वस्थ बसून राहिली.