पुलाच्या अलीकडे

मॅरेथॉनच्या सरावाच्या तक्त्यावर दिवसाला एक असे एकशे बारा चौकोन होते. सत्त्याण्णव चौकोनांत बाबांच्या लाल पेन्सिलीची खूण होती, पंधरा खुणेविना होते आणि शेवटच्यात ‘बेचाळीस’ लिहिलेलं. तिने बुटाची नाडी बांधता बांधता नडगीवर अंगठा दाबला. बोटाच्या पेराएवढीच जागा, पण डोळ्यांत पाणी आलं.

आजच्या चौकोनात दहा किलोमीटर होते. कालव्याच्या कडेने पुलापर्यंत पाच, परत पाच. बाबा फाटकाशी घड्याळ घेऊन उभे राहत. वळणापलीकडचं त्यांना दिसत नसे.

नोकरीत, प्रयोगशाळेत, ती मिलिग्रॅमचा फरक सोडत नसे. इथे मात्र नऊ दिवस तिसऱ्या किलोमीटरवरच्या बंद वजनकाट्याशी थांबत होती. कट्ट्यावर बसायचं, हिशोबाने मिनिटं जाऊ द्यायची, मग परत फिरायचं. बाबा वेळ पाहून खूश होत.

आज ती पाय ओढत वजनकाट्याशी पोहोचली, तर कट्ट्यावर बाबा. शेजारी स्कूटर.

“या, बाईसाहेब. पूल इकडे सरकला वाटतं?”

ती जागच्या जागी थबकली.

“बाबा, उद्यापासून जाते ना पुलापर्यंत.”

“किती दिवस चाललंय हे?”

“नऊ.”

“आणि दुखतंय कधीपासून?”

बाबांनी कट्ट्यावरची धूळ हाताने झटकली. ती बसली.

“तुम्हाला आज कळलं?”

“पंचवीस वर्षं शाळेची पोरं पळवली मी. सहा किलोमीटरचा घाम आणि दहाचा घाम मला कळत नाही होय?”

“मग कधी?”

“पहिल्याच दिवशी.”

कालव्यातून एक फांदी वाहत गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत दोघांनी पाहिली.

“आणि तरी रोज लाल खूण करत होतात?”

बाबांनी घड्याळाचा पट्टा सैल केला, पुन्हा आवळला.

“वाटलं, निभावेल. एवढं आलंय हातातोंडाशी.” ते खाकरले. “बेत बदलता येतो गं. निम्मं अंतर पळायचं. नाहीतर पुढच्या वर्षी. शाळेत मीच सांगायचो सगळ्यांना.”

“मला नाही सांगितलंत.”

“नाही सांगितलं.”

तिला रागवायचं होतं. पण तिनेही कुठे तोंड उघडलं होतं? तिने बूट काढून मांडीवर घेतला. बाबांनी तो हळूच तिच्याकडून घेतला, स्कूटरच्या हँडलला अडकवला आणि तिच्यापुढे खांदा केला.

“घरी नको,” ती म्हणाली. “आधी एक्स-रे.”

दवाखान्यात डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली. दोघं शेजारी उभी होती. ती एका पायावर, हात बाबांच्या खांद्यावर. नडगीच्या हाडाच्या पुढच्या कडेला तडा गेल्याची काळी रेघ होती. डॉक्टरांनी त्या रेघेवर मोजपट्टी ठेवली.

चौदा मिलिमीटर.