मालकांचं अक्षर

काचेच्या दुकानाचे मालक स्वतःच्याच घराच्या गच्चीवरून खाली पडले आणि जागच्या जागी गेले. त्याआधी थोडाच वेळ गच्चीवर त्यांचं आणि त्यांच्या कारागिराचं कडाक्याचं भांडण झालं होतं, तेही सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. कारागीर म्हणत होता, मी तावातावानं खाली निघालो, जिन्यात असतानाच धप्पकन आवाज आला. कुणाचाच विश्वास बसला नाही. त्याच्यावर खुनाचा खटला उभा राहिला.

त्याची थोरली बहीण त्याच दुकानात काउंटरवर बसायची. तिला सगळे ताईच म्हणत. भावाला तिनंच लहानाचं मोठं केलं होतं. तो तोंडाचा फटकळ, नाकावर राग; पण घरात झुरळ निघालं की ताईला हाक मारून स्वतः खुर्चीवर चढणारा. त्यानं माणूस ढकलला असेल हे तिच्या मनाला पटेना.

साक्षी एकेक करून विरुद्ध जाऊ लागल्या तसा तिचा धीर सुटला. मालक बाहेर जाताना तिच्यासाठी चिठ्ठ्या ठेवून जायचे. आरसा नीट गुंडाळून ठेवा, गिऱ्हाइकाला उद्या बोलवा, असलं काहीबाही. त्या चिठ्ठ्या समोर ठेवून ती अक्षर गिरवत बसली. शेवटी मनासारखं जमलं तेव्हा तिनं लिहिलं : ‘मला या सगळ्याचा वीट आला आहे. मी माझ्या मनानं जात आहे. कुणाला दोष देऊ नये.’ आणि मालकांच्या कातडी एप्रनच्या खिशात सापडलं असं सांगून ते पत्र भावाच्या वकिलांच्या हाती दिलं.

वकिलांनी पत्र वाचलं, मग तिच्याकडे पाहिलं.

“तुम्हालाच सापडलं?”

“हो.”

त्यांनी पुढं काही विचारलं नाही. पण त्या दिवसापासून ताईला घास गिळवेना. दाराची कडी वाजली की वाटे, आले न्यायला.

अक्षरतज्ज्ञानं ‘ठामपणे सांगता येत नाही’ असं लिहून दिलं. तेव्हा सरकारी वकिलांनी मालकांच्या बायकोला पिंजऱ्यात उभं केलं. नवऱ्याचं अक्षर बायकोइतकं कोण ओळखणार? ताई मागच्या बाकावर बसली होती. आता बाई नाही म्हणून मान हलवणार, आणि आपणही भावाच्या शेजारी जाऊन उभे राहणार, याची तिला खात्रीच होती.

बाईंनी पत्र हातात घेतलं. सावकाश वाचलं, परत वाचलं. मग मान वर करून त्यांनी कोर्टभर नजर फिरवली आणि ती ताईवर येऊन थांबली.

“हे त्यांचंच अक्षर आहे,” त्या म्हणाल्या. “बरेच दिवस असंच काहीतरी बोलायचे. मीच मनावर घेतलं नाही.”

सरकारी वकिलांचा चेहरा उतरला. ताईला मात्र सुटल्यासारखं वाटलं नाही. खोटं पत्र खरं आहे म्हणून ही बाई शपथेवर का सांगते आहे?

भाऊ सुटला. निकालानंतर बाहेर व्हरांड्यात तो वकिलांचे हात हातात घेऊन रडत होता, तेवढ्यात बाई ताईजवळ आल्या. त्यांनी तिचा पदर खांद्यावर नीट केला, जणू सख्खी जाऊच.

“छान लिहिलंत हो ताई,” त्या हळूच म्हणाल्या. “ ‘ळ’ तेवढा जमला नाही. ते पोट बंद करायचे ‘ळ’चं.”

ताईनं पटकन मागं पाहिलं; भाऊ अजून वकिलांपाशीच होता.

“घाबरू नका. तुमचे वकील मला विचारायला लागले होते, ‘बाई, आवाज झाला तेव्हा तुम्ही कुठं होतात?’ म्हणून. पत्र आलं आणि तो विषयच मिटला. आता तुम्ही मला धरून राहा, मी तुम्हाला.”

घरी भाऊ वहिनींचं कौतुक करून थकेना. मालकांच्या बायकोला तो पहिल्यापासून वहिनी म्हणायचा. एवढं दुःख असून आपल्याला वाचवलं, याला म्हणतात मन, असं त्याचं चाललं होतं. आठवड्याभरातच त्यांचा निरोप आला : गच्चीच्या दाराची काच तडकली आहे, येऊन बसवून द्याल का? तो लगेच बूट चढवायला बसला.

“तू जायचं नाहीस,” ताई म्हणाली.

“का?”

“ते पत्र मी लिहिलं होतं.”

तो हसला. मग हसू ओसरलं.

“मग वहिनी हो का म्हणाल्या?”

“आवाज झाला तेव्हा त्या कुठं होत्या, हे कुणी विचारू नये म्हणून,” ताई म्हणाली. पण हे बाहेर बोलायचं तर कुणापाशी? तोंड उघडलं की पत्र खोटं ठरणार, आणि पत्र खोटं ठरलं की भाऊ परत त्याच पिंजऱ्यात. हे त्याच्याही ध्यानात येत गेलं असावं, कारण त्यानं एकेक बूट काढून भिंतीला लावून ठेवला आणि उठून दाराला आतून कडी घातली.

काच बसवायला दुसराच कुणी गेला. दोघांनी लांबच्या वस्तीत दोन खोल्या पाहिल्या. सामान टेम्पोत चढत होतं त्या सकाळी बाई रस्त्याच्या पलीकडे येऊन उभ्या राहिल्या. टेम्पो हलला तसा त्यांनी हात वर करून निरोप दिला.

ताईनंही हात वर केला. न करून चालण्यासारखं नव्हतं.