ढेकळाच्या आत

त्या शेवटच्या साध्या दिवशी बाबांनी रोजच्यासारखी माझ्या हातात लाल माठाची जुडी दिली. म्हणाले, "खा, रक्त वाढेल. चेहरा बघ कसा पांढरा पडलाय."

शीवला रुळांलगत त्यांचा भाजीचा मळा होता. संपात डिलाईल रोडची गिरणी सुटली ती सुटलीच. पुढे बाबांनी आणि त्यांच्याच खात्यातल्या रघूकाकांनी ही पट्टी कसायला घेतली. बंद गिरणीमागच्या हौदात कापड धुतलेल्या पाण्याचा काळा गाळ साचला होता. कोकणच्या लाल मातीत वाढलेल्या या दोघांना काळं ते सगळं कसदार वाटे. गोणी भरभरून ते तो मळ्यात घालत. "गिरणीनं आमचं पोट मारलं, मातीचं तरी भरू दे," बाबा म्हणत.

मी माटुंग्याच्या प्रयोगशाळेत माती तपासते. मळ्यातली माती बाबांनीच हौसेनं दिली होती, आणि तिचा निकाल त्याच सकाळी हाती आला होता. कापड धुण्याचं रसायन मातीत तुटतं, पण तुटलं म्हणजे संपलं असं नाही. आधी त्याचं आणखी वाईट रूप उरतं, शरीरातल्या संप्रेरकांचं सोंग घेणारं. हवा मिळाली तर जिवाणू तेही हळूहळू खाऊन टाकतात. वरच्या भुसभुशीत थरात ते जवळजवळ नव्हतंच. पण गटाराकडच्या ओल्या ढेकळांच्या आत, जिथे हवा पोचत नाही, तिथे ते तसंच बसून होतं. पानांत किती चढतं, हे मला सांगता आलं नसतं.

"काय गो चेडवा," रघूकाका हसले, "मातयेची नाडी बघलंस? जगतली मा?"

बाबा इतके खुशीत होते की म्हटलं, रविवारी निवांत सांगू. आणखी एक गोष्ट रविवारीच सांगायची होती. तिसरा महिना तेव्हा पुरा होणार होता. त्याआधी माहेरी बोलू नये, असं सासूबाईंनी बजावलं होतं.

दुसऱ्याच पहाटे बाबा झोपेतच गेले.

दहाव्याला बाणगंगेवर पिंड ठेवला. कावळे कठड्यावर बसून होते, एकही उतरेना.

"मनात काय राहिलंय धर्मारावांच्या? बोला कुणीतरी," भटजी म्हणाले.

रघूकाकांनी हात जोडले. "धर्मा, तुझो मळो मी चालवतलंय. गिरणीचो गाळ घालून पिकवतलंय. जा बाबा आता सुखान."

एक कावळा खाली उतरला. मान तिरकी करून पिंडाकडे सरकला. याच शब्दांवर तो शिवला, तर ती बाबांची शेवटची इच्छा ठरणार होती. मग माझी माती, माझा निकाल, कुणी ऐकलं असतं?

"थांबा!" मी पुढे झाले. कावळा उडाला. सगळे माझ्याकडे वळले.

"बाबा," मी मोठ्यानं म्हणाले, "मळ्यात आता गाळ पडणार नाही. त्या मातीत विष आहे. सगळी ढेकळं फोडू, वरखाली करून वारा लागू देऊ. पुन्हा तपासेपर्यंत तिथलं कुणी काही खाणार नाही. बाबा, मला दिवस गेलेत. मी तुमचा माठ रोज खाल्लाय, आणि मला फार भीती वाटते."